परत येणारे कण

२०१७च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत भटकी कुत्री निळी झालेली दिसली. फोटो जगभर गेले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने संबंधित कारखान्यावर कारवाई केली आणि कासाडी नदीची सगळ्यांना एकदम आठवण झाली. त्याआधी २०१४च्या जानेवारीत डोंबिवलीकरांनी हिरवा पाऊस पाहिला होता. पुढे २०२०च्या फेब्रुवारीत त्याच डोंबिवलीच्या एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा खुद्द मुख्यमंत्री पाहणीला आले. तिन्ही वेळा यंत्रणा हलली, कारण रंग डोळ्यांना दिसला.

जे दिसत नाही त्याचं काय होतं, ते हैदराबादजवळच्या पाटनचेरूत कळलं. तिथल्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात सुमारे नव्वद औषध कारखान्यांचं पाणी येत असे. प्रक्रिया करून सोडलेलं हे पाणी स्वीडनच्या संशोधकांनी तपासलं आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक त्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होतं. गोळ्या घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याहून हे प्रमाण जास्त आहे. अशा औषधाला रंग नाही, वास नाही. नाल्याच्या कडेने जाणाऱ्या माणसाला संशयही येणार नाही.

हे पुस्तक या दोन्ही प्रकारच्या पाण्याविषयी आहे, पण मनात काळजी जास्त आहे ती दुसऱ्याची. लोहाच्या ऑक्साइडचे काही नॅनोमीटर आकाराचे कण पाण्यातले चिवट सेंद्रिय रेणू मोडायला मदत करतात आणि काम झालं की लोहचुंबकाने गोळा करून पुन्हा वापरता येतात, हा त्याचा विषय. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रातला रंग किती मिनिटांत गेला, यावर या कणांचं मोल ठरवू नये. रेणू खरोखर मोडला का आणि कण खरोखर परत आला का, हे पाहावं. पुढची सगळी प्रकरणं याच दोन प्रश्नांभोवती फिरतात.

सांडपाण्यावरची आपली नेहमीची प्रक्रिया जीवाणूंच्या भरवशावर चालते. हौदात हवा सोडायची, जीवाणूंना वाढू द्यायचं आणि त्यांनी पाण्यातला सेंद्रिय माल खाऊन टाकायचा. स्टार्च, साखर, प्रथिनं, मलमूत्र यांसाठी याहून स्वस्त आणि चांगली पद्धत नाही. पण कापडाचा रंग उन्हाने उडू नये, धुताना जाऊ नये म्हणून त्याचा रेणू मुद्दाम टणक बनवलेला असतो. कीटकनाशक शेतात काही दिवस टिकावं अशीच त्याची रचना असते. प्रतिजैविकाचं तर कामच जीवाणू मारण्याचं. ज्यांनी या रेणूंना खायचं त्यांनाच ते पचत नाहीत किंवा ते त्यांनाच मारतात. मग पाणी हौदातून जातं, कागदोपत्री प्रक्रिया पूर्ण होते आणि रेणू जसाच्या तसा नदीत उतरतो.

अशा रेणूला मोडण्याचा एक रस्ता एकोणिसाव्या शतकातच सापडला होता. हेन्री फेंटन केंब्रिजला शिकत असताना १८७६ साली त्यांच्या लक्षात आलं की टार्टारिक आम्लात फेरस क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून नंतर अल्क घातला की गडद जांभळा रंग येतो. १८९४ साली त्यांनी या अभिक्रियेवर सविस्तर निबंध लिहिला. नुसतं पेरॉक्साइड जे करू शकत नाही ते लोहाच्या थोड्याशा सोबतीने होतं, हे त्यातून स्पष्ट झालं. असं का होतं, याचं उत्तर पुढे ४० वर्षांनी, १९३४ साली, फ्रिट्झ हाबर आणि जोसेफ वाइस यांनी सुचवलं. फेरस लोह पेरॉक्साइडला एक इलेक्ट्रॉन देतं, पेरॉक्साइडचा रेणू फुटतो आणि त्यातून हायड्रॉक्सिल मुक्तमूलक तयार होतो.

हा मुक्तमूलक विलक्षण आक्रमक आहे. पाण्यात वापरल्या जाणाऱ्या ऑक्सिडीकारकांत त्याच्या वरचढ असलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. तो समोर येईल त्या सेंद्रिय रेणूतला हायड्रोजन ओढून घेतो, बेंझिनच्या कड्याला जाऊन चिकटतो, कडं फोडतो, आणि असं होत होत शेवटी कर्बवायू आणि पाणी उरावं अशी अपेक्षा असते. पण त्याचं आयुष्य सेकंदाच्या काही अब्जांश भागांइतकं. एवढ्या वेळात तो काही नॅनोमीटरच पुढे सरकतो. ही गोष्ट वाचकाने पक्की लक्षात ठेवावी, कारण पुढचं बरंच काही तिच्यावर उभं आहे. मुक्तमूलक जिथे जन्मतो तिथेच, त्याच्या अगदी शेजारी, प्रदूषकाचा रेणू हजर असावा लागतो. नाहीतर पेरॉक्साइड खर्ची पडतं आणि प्रदूषक तसाच राहतो.

फेंटनची मूळ पद्धत आजही कारखान्यांत वापरली जाते, पण तिची अडचण मोठी आहे. पाण्याचा पीएच ३च्या आसपास आणावा लागतो, म्हणजे आधी आम्ल ओता आणि शेवटी चुना घालून ते मारा. विरघळलेलं लोह चुन्याबरोबर तांबूस गाळ होऊन खाली बसतं. हा गाळ दाबयंत्रात पिळायचा, पोत्यांत भरायचा आणि तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या ठिकाणच्या घातक कचऱ्याच्या भरावात पैसे मोजून पाठवायचा. पाण्यातला त्रास काढून जमिनीत पुरला, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय लोह एकदाच कामाला येतं. फेरसचं फेरिक होतं आणि फेरिकचं पुन्हा फेरस होण्याची क्रिया हजारो पटींनी मंद आहे.

लोह विरघळू न देता घन रूपात ठेवता आलं तर? मॅग्नेटाइटचा विचार इथे सुरू होतो. या खनिजाच्या एकाच स्फटिकात फेरस आणि फेरिक अशी दोन्ही रूपं शेजारी शेजारी बसलेली असतात आणि त्यांच्यात इलेक्ट्रॉनची ये-जा सतत चालू असते. हे खनिज आपल्याला परकं नाही. रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतून लोहचुंबक फिरवलं की जे दाणे त्याला लोंबकळतात, त्यांतले बरेचसे मॅग्नेटाइटच्या घराण्यातले असतात.

प्रयोगशाळेत ते बनवायला महागडी यंत्रं लागत नाहीत. फ्रान्समधल्या रने मासार यांनी १९८१ साली दिलेली पद्धत बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यालाही जमते. फेरिक क्लोराइडचं पिवळट तपकिरी द्रावण आणि फेरस क्षाराचं फिकट हिरवं द्रावण, लोहाच्या हिशेबाने दोनास एक या प्रमाणात, एकत्र करायचं. हवेतला ऑक्सिजन फेरसला बिघडवतो म्हणून आधीपासून नायट्रोजनचे बुडबुडे सोडत राहायचे. मग जोरात ढवळत अमोनिया घालायचा. क्षणात सगळं द्रावण शाईसारखं काळंभोर होतं. चंचुपात्राच्या बाजूला बाहेरून चांगलं ताकदीचं चुंबक टेकवलं की काळा साका हळूहळू त्या भिंतीकडे सरकू लागतो, काचेला आतून काळा पट्टा धरतो आणि उरलेलं पाणी नितळ होतं. आता वरचं पाणी ओतून द्यायचं, नवीन पाणी घालायचं, चुंबक काढून हलवायचं. कण पुन्हा सगळीकडे पसरतात. गाळण कागद नाही, सेंट्रिफ्यूज नाही. ज्याने हे एकदा पाहिलं त्याला या विषयाची गोडी लागतेच, असा माझा अनुभव आहे.

चुंबक काढल्यावर कण पुन्हा मोकळे होतात, कारण ते फार लहान आहेत. साधारण वीस नॅनोमीटरच्या खाली मॅग्नेटाइटच्या कणाची चुंबकीय दिशा उष्णतेनेच सतत उलटसुलट होत राहते. बाहेरचं क्षेत्र असेतोवर सगळे कण एका दिशेने उभे राहतात. क्षेत्र गेलं की त्यांच्यात चुंबकत्व म्हणून काही उरत नाही आणि ते एकमेकांना धरून बसत नाहीत. या गुणामागचं भौतिकशास्त्र फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मांडलं. चुंबकत्वावरच्या त्यांच्या कामाला १९७० साली नोबेल पारितोषिक मिळालं.

लहान असण्याचा दुसरा फायदा पृष्ठभागाचा. दहा नॅनोमीटर व्यासाचे मॅग्नेटाइटचे कण घेतले तर एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग हिशेबाने सुमारे ११५ चौरस मीटर भरतो, म्हणजे चिमूटभर पुडीत साडेबाराशे चौरस फुटांचा ऐसपैस फ्लॅट मावला. मुक्तमूलक फार दूर जाऊ शकत नाही हे आपण पाहिलंच. त्यामुळे जितकी जागा जास्त, तितके प्रदूषकाचे रेणू त्याच्या शेजारी येऊन बसू शकतात.

पण हा फायदा फुकट मिळत नाही, आणि इथेच या विषयातली खरी ओढाताण आहे. कणाचा व्यास निम्मा केला तर दर ग्रॅमचा पृष्ठभाग दुप्पट होतो, पण प्रत्येक कणावरची चुंबकाची ओढ आठ पटींनी कमी होते, कारण ओढ घनफळावर अवलंबून असते. अगदी बारीक कण पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनीच भरकटत राहतात, साध्या चुंबकाला दाद देत नाहीत. २००६ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की सारख्या आकाराचे अगदी लहान कणसुद्धा बऱ्याच कमी ताकदीच्या क्षेत्रात गोळा होऊ शकतात, कारण क्षेत्रात आल्यावर ते एकमेकांनाही ओढू लागतात. त्यांच्यासमोर प्रश्न आर्सेनिकचा होता, पण धडा आपल्यालाही लागू आहे. उत्प्रेरक बनवताना त्याच्या अभिक्रियेचा जेवढा विचार करायचा तेवढाच त्याच्या परतीचा करायला हवा. कणावर सिलिकाचा किंवा कार्बनचा थर द्यावा, लहान कणांचे मोठे गुच्छ बांधावेत, कोबाल्ट किंवा मँगनीज घालून फेराइट करावं, हे सगळे उपाय या ओढाताणीतून निघाले आहेत. प्रत्येकाची किंमत वेगळी. सिलिकाचा थर कण जपतो, पण लोहाला पाण्यापासून दूरही ठेवतो. कोबाल्ट फेराइट पेरॉक्सिमोनोसल्फेट या दुसऱ्या ऑक्सिडीकारकाबरोबर फार झपाट्याने काम करतं, पण कोबाल्ट पाण्यात झिरपला तर एक विष काढून दुसरं घातल्यासारखं होतं.

२००७ साली बीजिंगमधल्या संशोधकांनी एक अनपेक्षित गोष्ट प्रसिद्ध केली. तोवर मॅग्नेटाइटचे नॅनोकण जीवशास्त्रात निष्क्रिय वाहक समजले जात, ज्यांच्यावर विकरं किंवा प्रतिपिंडं चिकटवायची आणि चुंबकाने ओढायची. या गटाला दिसलं की नुसते कणसुद्धा पेरॉक्सिडेज या विकरासारखं काम करतात. हॉर्सरॅडिश या वनस्पतीच्या मुळांतून काढलेलं विकर तापमान आणि आम्लता थोडी बदलली की नासतं. हे कण त्या मानाने बरंच सोसतात. या शोधानंतर जीवशास्त्र, पदार्थविज्ञान आणि सांडपाण्याचं रसायन या तीन वाटा एकमेकींना येऊन मिळाल्या आणि शोधनिबंधांचा पूर आला. कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत फेराइटवर काम करण्याची परंपरा त्याच्या कितीतरी आधीची आहे. चुंबकीय गुणांसाठी बनवलेली ती द्रव्यं आता पाण्याच्या कामाला लागत आहेत.

या पुरातल्या बऱ्याच निबंधांबद्दल मला तक्रार आहे आणि ती इथेच करतो. प्रदूषक म्हणून मेथिलीन ब्लू घ्यायचा, ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवायचा, ६६४ नॅनोमीटरला शोषण मोजायचं, अर्ध्या तासात ९८ टक्के ‘विघटन’ झालं म्हणून लिहायचं. या रंगाचं नुसतं क्षपण झालं तरी तो बिनरंगी होतो आणि हवा लागली की पुन्हा निळा होतो. तो कणांच्या पृष्ठभागावर जाऊन बसला तरी पाणी नितळ दिसतं. अॅझो रंगांत तर धोकाच आहे. नायट्रोजनचा दुहेरी बंध तुटला की रंग जातो, पण अपुऱ्या विघटनात अॅरोमॅटिक अमाइनं मागे राहू शकतात. त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. असं पाणी मूळ रंगीत पाण्यापेक्षा वाईट, कारण ते आता कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही.

म्हणून मापनावरचं प्रकरण मी मुद्दाम लांब ठेवलं आहे. पेरॉक्साइड न घालता कण आणि रंग अंधारात ढवळून पाहिले का? पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला? अभिक्रिया अर्ध्यावर असताना चुंबकाने कण काढून घेतले तर उरलेल्या पाण्यात ती चालूच राहते का? राहिली, तर काम कण करत नव्हते, त्यांतून झिरपलेलं लोह करत होतं. आणखी एक बारकावा प्रक्रिया केंद्रात काम करणाऱ्यांसाठी. शिल्लक राहिलेलं पेरॉक्साइड सीओडीच्या, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या, चाचणीत डायक्रोमेट खातं आणि आकडा फुगवून दाखवतं. ते आधी नष्ट केल्याशिवाय सीओडी मोजण्यात अर्थ नाही.

आता प्रयोगशाळेबाहेर पडू. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीसारख्या गावात कापड रंगवणाऱ्या प्रोसेसमधून निघणारं पाणी पाहा. सुती कापडावर रिअॅक्टिव्ह रंग चढवायला ताग्यांबरोबर भरपूर मीठ आणि सोडा लागतो. एवढं करूनही रंगाचा दहा टक्क्यांपासून कधी कधी निम्म्यापर्यंत भाग कापडावर न बसता पाण्याबरोबर जातो. त्या पाण्यात कांजीचा स्टार्च असतो, साबण असतो, बायकार्बोनेट असतात, क्लोराइड तर लिटरला ग्रॅमांनी असतं. हायड्रॉक्सिल मुक्तमूलक निवड करत बसत नाही. बायकार्बोनेट आणि क्लोराइड त्याला वाटेतच गाठतात. क्लोराइडमुळे क्लोरीनयुक्त नवे रेणू तयार होण्याचीही शक्यता असते. पाणी अल्कधर्मी, आणि कणांना आवडतं आम्लधर्मी. ऊर्ध्वपातित पाण्यात ९८ टक्के देणारा उत्प्रेरक इथे निम्म्यावर आला तर नवल नाही. तो निम्मा आकडाच मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

खर्चाचा हिशेबही याच पाण्यावर करू. लोह स्वस्त आहे, कण परत येतात, पण पेरॉक्साइड परत येत नाही. एक ग्रॅम सीओडी पूर्ण ऑक्सिडीभूत करायला कागदावर २.१२५ ग्रॅम हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच. लिटरला १००० मिलिग्रॅम सीओडी असलेलं रोजचं दहा लाख लिटर पाणी धरलं तर दिवसाला दोन टनांहून अधिक शुद्ध पेरॉक्साइड, म्हणजे बाजारात मिळणारं ५० टक्क्यांचं चार टनांच्या वर. हे कुठल्याही केंद्राला परवडणारं नाही. त्यामुळे सगळं पाणी याच कणांनी शुद्ध करू, असं कुणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. स्टार्च आणि साबण जीवाणूंना खाऊ द्यावेत. जीवाणूंना जे पचत नाही तेवढ्यापुरतं हे तंत्र वापरावं. जैविक प्रक्रियेआधी टणक रेणू फोडून तुकडे जीवाणूंना द्यावेत, किंवा जैविक प्रक्रियेनंतर उरलेलं थोडकं प्रतिजैविक, थोडका रंग संपवावा. औषध कारखान्यातल्या एखाद्या टाकीतून निघणारा कमी पाण्याचा, पण जहाल प्रवाह तिथल्या तिथे, इतर पाण्यात मिसळण्याआधी धरला तर हा हिशेब सर्वात चांगला बसतो.

चुंबकाने एवढं पाणी हाताळता येतं का, ही शंका रास्त आहे आणि तिला उत्तर आहे. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने सिरोफ्लॉक नावाची पद्धत बसवली. तीत मॅग्नेटाइटचे काही मायक्रोमीटरचे कण पाण्यातला नैसर्गिक सेंद्रिय रंग आणि गढूळपणा उचलून घेत, चुंबकीय क्षेत्रामुळे झटपट खाली बसत आणि अल्काने धुऊन पुन्हा वापरले जात. पर्थ शहराच्या पाण्यासाठी या पद्धतीचं केंद्र १९८०च्या दशकात चाललं. आपल्याकडे कोळसा धुण्याच्या कारखान्यांत मॅग्नेटाइटचं जड मिश्रण वापरतात आणि फिरत्या चुंबकीय ड्रमवर ते परत मिळवतात. म्हणजे यंत्रं आहेत, ती चालवणारी माणसंही आहेत. फरक आकाराचा आहे. तिथले कण आपल्या नॅनोकणांच्या शेकडो, हजारो पट मोठे. मधली ही दरी भरणं हे अभियंत्यांचं काम आहे. माझ्या मते या विषयाचं भवितव्य नव्या संमिश्र द्रव्यांपेक्षा याच कामावर जास्त अवलंबून आहे.

जे कण परत येत नाहीत त्यांचं काय होतं, हा प्रश्नही टाळता येणार नाही. २०१६ साली लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांना मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरमधल्या माणसांच्या मेंदूच्या ऊतींत मॅग्नेटाइटचे नॅनोकण आढळले. त्यांचा आकार आणि गोलाई पाहता ते हवेच्या प्रदूषणातून आले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो मार्ग हवेचा होता, पाण्याचा नव्हे. तरीही प्रक्रिया झालेल्या पाण्यात लोह किती गेलं याचा ताळेबंद प्रत्येक फेरीनंतर मांडलाच पाहिजे. ‘पाच वेळा वापरला’ एवढं लिहून भागत नाही. दर वेळी किती मिलिग्रॅम घातला आणि किती परत आला, हे वजन करून लिहावं.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडक्यात. पहिल्या प्रकरणांना बारावीचं रसायनशास्त्र पुरेसं आहे. मधल्या प्रकरणांत स्फटिकरचना आणि चुंबकत्व येतं. ते जड वाटलं तर सोडून थेट मापनावरच्या प्रकरणाकडे जायला हरकत नाही. शेवटची दोन प्रकरणं प्रक्रिया केंद्रांतले केमिस्ट आणि प्रदूषण मंडळातले अधिकारी यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या गावाजवळच्या प्रोसेसचं, औषध कारखान्याचं, साध्या नाल्याचं पाणी कॅनमध्ये भरून आणा आणि आपला उत्प्रेरक त्यात एकदा तरी टाकून पाहा. आकडा पडेल. तो पडलेला आकडाच प्रबंधात छापा, सोबत पाण्याचा पीएच, क्लोराइड आणि परत आलेल्या कणांचं वजन द्या, आणि प्रकाशकामार्फत मलाही कळवा. पुढच्या आवृत्तीत असे आकडे एकत्र देण्याचा विचार आहे, फसलेल्या प्रयोगांसह.